अजरखपूरचे पाणी आणि मुंबईचा हंगाम

दिवाळीच्या खरेदीसाठी जे वस्त्र भाद्रपदाच्या अखेरीस दुकानांतून मांडावयाचे असते, त्याची शिलाई आषाढात उरकावी लागते, आणि आषाढात कात्री चालवावयाची तर छापलेले कापड वैशाख सरण्यापूर्वी हाती यावे लागते. म्हणून मुंबईतील जे वस्त्र-डिझाइनर हातछपाईच्या कापडावर काम करतात, त्यांना पौष-माघातच आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारागिरांच्या दारी जावे लागते. अशाच एका चमूबरोबर मी गेल्या हिवाळ्यात कच्छातील अजरखपूर येथे राहिलो. चमूत मुख्य डिझाइनर बाई, त्यांचे दोन तरुण साहाय्यक, बेतण्या-कापण्यात हयात घालवलेले मास्टर आणि खरेदीचा जमाखर्च सांभाळणारे एक गृहस्थ, एवढी मंडळी होती. आणि एका कल्पनेभोवती गुंफलेले, एका हंगामापुरते योजिलेले वीस-बावीस पोशाखांचे ‘कलेक्शन’ सिद्ध करणे हा त्यांच्या मुक्कामाचा हेतू होता. त्या मुक्कामात जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे, की या कामात पहिला आणि अखेरचा अधिकार पाण्याकडे असतो, आणि तो मान्य करून जो आपली मुदत आखतो त्याच्याच हाती नाव घेण्यासारखे कापड येते.

या गावाचा जन्मच पाण्याच्या शोधातून झाला आहे. अजरख हे ठशांचे कापड छापणाऱ्या खत्री समाजाची परंपरा सांगते, की सोळाव्या शतकाच्या सुमारास कच्छच्या राव भारमलजींच्या आमंत्रणावरून त्यांचे पूर्वज सिंधमधून या मुलखात आले, आणि वसतीसाठी जागा निवडण्याची मुभा मिळाली तेव्हा त्यांनी वाहते पाणी पाहून नदीकाठचे धमडका गाव पसंत केले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मालधारी पशुपालकांसाठी लुंग्या, फेटे आणि खांद्यावरची वस्त्रे छापली गेली. पुढे नदी आटली, विहिरी खोल खोल जात राहिल्या, आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने घरे तर पाडलीच, परंतु भूगर्भातील पाण्याची प्रकृतीही पालटली. त्यात लोहाचे प्रमाण वाढले. पिण्याच्या दृष्टीने जी तक्रार किरकोळ ठरावी, ती रंगाऱ्याच्या दृष्टीने सर्वनाशाची होती, कारण हिरड्याचा तुरट अंश आणि लोह यांचा संयोग झाला की काळा रंग उमटतो, आणि लोहमिश्रित पाण्यात धुतलेल्या कापडावरचा मंजिष्ठेचा लाल रंग मलूल होऊन तपकिरीकडे झुकतो. तेव्हा समाजातील जाणत्यांनी भुजच्या पूर्वेस जमीन पाहिली, पाण्याची परीक्षा केली आणि नवे गाव वसवले. त्याला नाव दिले ते आपल्या कापडाचे. धमडक्यातही काही कुटुंबे टिकून राहिली. एखाद्या रंगाच्या शुद्धतेसाठी माणसांनी गाव हलवावे, याहून त्या रंगावरील निष्ठेचा दुसरा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

ही छपाई पाण्याला इतकी का बांधलेली आहे, हे कळण्यासाठी तिची कृती सावकाश पाहावी लागते. कोरे कापड प्रथम खळ जाईपर्यंत धुतात. मग उंटाची लीद, धुण्याचा सोडा आणि एरंडेल यांच्या पाण्यात भिजवून, पिळून, रात्रभर दाबून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात घालतात. कापड चोळले असता फेस यावा, इथपर्यंत हे भिजवणे-वाळवणे पुनःपुन्हा चालते; याला ते ‘साज’ म्हणतात. त्यानंतर हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या पिवळसर कापडावर चुना आणि डिंक यांच्या लुकणाने दोन्ही बाजूंनी रेषा छापतात, आणि जिथे हा चुना बसतो तिथे कापड अखेरपर्यंत पांढरे राहते. (आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे जो हिरडा वेचतात, तोच हा, औषधापलीकडची त्याची ही योग्यता आपण फारशी जाणत नाही.) लोखंडाचे भंगार, गूळ आणि बेसन पाण्यात घालून कित्येक दिवस आंबवलेला काढा चिंचोक्याच्या पिठाने दाट करून काळ्यासाठी छापतात, लाल जिथे हवा तिथे तुरटी छापतात, आणि पुढे येणाऱ्या निळीपासून या जागा सुरक्षित राहाव्यात म्हणून त्यांवर माती, डिंक आणि तुरटी यांचा लेप देऊन वरून लाकडाचा भुसा भुरभुरतात. मग कित्येक दिवस निव्वळ सुकवण्यात जातात. निळीच्या कुंडात बुडवलेले कापड हवेत येताच हिरव्याचे निळे होते. ते भरपूर पाण्यात पसरून, आपटून, लेप सोडवून धुतात, आणि अखेरीस मंजिष्ठेच्या किंवा अलिझरिन या लाल रंगाच्या उकळत्या भांड्यात घालतात, तेव्हा इतका वेळ अदृश्य असलेली तुरटी लाल होऊन प्रकट होते. कापड दोन्ही अंगांनी छापलेले असेल तर त्याला ‘बिपुरी’ म्हणतात. त्यात मागचा ठसा पुढच्या ठशावर अचूक बसावा लागतो, आणि म्हणूनच या नक्षीत समतोलाला इतके महत्त्व आले आहे.

आता या कृतीसमोर मुंबईहून आलेली चित्रवही ठेवून पाहावी. चमूतील एका साहाय्यकाने शेड कार्डवरील एका विटकरी लालावर बोट ठेवून हाच रंग हवा असे सांगितले, तेव्हा छापणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, “कापड कोणत्या महिन्यात पाहिजे, भाई?” प्रश्न टाळण्यासाठी नव्हता. थंडीत आंबवलेल्या निळीचे कुंड मंदावते, चैत्रात ते वेगाने चढते. उन्हाचा कडकपणा, हवेतील दमटपणा, ज्या विहिरीचे पाणी चालू आहे तिची खोली, या सर्वांची नोंद कापडावर होते. त्यामुळे माघात पसंत केलेला नमुना आणि वैशाखात आलेले थान यांत थोडे अंतर राहणारच. जे खरेदीदार हे अंतर दोष मानून माल परत करतात ते कारागिरावर अन्याय करतात, असे मला वाटते. कारण तंतोतंत एकसारखेपणा हवा असेल तर यंत्रावर छापलेले कापड स्वस्तात मिळते आणि ते अजरखच्या नावाखाली बाजारात विपुल विकलेही जाते. आमच्या चमूने एक शहाणपणाची तजवीज केली: प्रत्येक रंगाचा एक नमुना न ठरवता फिक्यातला फिका आणि गडदातला गडद असे दोन नमुने शिवून ठेवले, आणि त्यांच्या दरम्यान जे येईल ते स्वीकारावयाचे असे लिहून दिले.

खरी कसोटी मास्टरांची लागली. अजरख हे मुळात अखंड नेसावयाचे किंवा पांघरावयाचे वस्त्र. त्याला काठ आहे, आडवे पट्टे आहेत, मध्यभागाचे मोठे अंगण आहे, आणि हे सारे एकमेकांच्या आधाराने उभे असते. त्यावर कुडत्याचा कागदी बेत ठेवून कात्री चालवली, की काठ काखेत जातो आणि मधली नक्षी शिवणीत चिरडते. मास्टरांनी पहिले तीन दिवस कापडाला हात लावला नाही. ते छापण्याच्या मेजाशेजारी बसून ठशाची लांबी-रुंदी मापीत राहिले. मग त्यांनी बेतच बदलला: बाहीचा शेवट आणि पाठीची पट्टी ठशाच्या पटीत बसवली, आणि काठ अंगरख्याच्या घेराशी येईल असे थानाचे विभाग छापणाऱ्यांना आखून दिले. कापड इतक्या वेळा पाण्यातून निघते, की आटण्याची भीती उरत नाही. परंतु पन्हा किती उतरतो हे आधी मोजावे लागते. पोशाखाची आकृती कापडाच्या रचनेतून काढण्याची ही रीत मला या साऱ्या मुक्कामातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

नव्या ठशांचा प्रश्न याहून नाजूक. सागवानी ठसे कोरण्यासाठी गांधीनगरजवळील पेथापूरच्या कारागिरांचा लौकिक आहे. एकाच नक्षीसाठी रेषेचा, काळ्याचा आणि लेपाचा असे निरनिराळे ठसे लागतात, आणि ते परस्परांशी केसभरही चुकून चालत नाही. डिझाइनरने रेखाटलेली, कोरणाऱ्याने कोरलेली आणि छापणाऱ्याने आपल्या अनुभवाने दुरुस्त केलेली नक्षी अखेर कोणाची? कच्छच्या अजरखला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने नावाचे रक्षण होते. एखाद्या विशिष्ट नक्षीवरचा हक्क त्याने ठरत नाही. तो करारनाम्यातच ठरवावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी करारनामाच नसतो.

परदेशस्थ ग्राहकाच्या आवडीने छापणे हे मात्र या परंपरेला नवे नाही. बहुतांशी कैरोजवळच्या फुस्तात येथील मानल्या जाणाऱ्या आणि ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात न्यूबेरी यांच्या संग्रहात असलेल्या, संख्येने हजाराहून अधिक अशा भारतीय छापील तुकड्यांत गुजराती ठसेकामाचे नमुने विपुल आहेत, आणि त्यांतील काही मध्ययुगाच्या पूर्वार्धाइतके जुने ठरले आहेत. समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्याने मागणी करावी आणि कारागिराने आपल्या हुन्नरात ती बसवावी, ही वहिवाट शतकांची आहे. तिला पहिला मोठा धक्का बसला तो प्रयोगशाळेतून: १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमन या रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरिन कृत्रिम रीतीने सिद्ध केले, १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि वनस्पतिज रंगांची विद्या हळूहळू विस्मृतीत जाऊ लागली. धमडक्याचे मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा उभी केली आणि मुलांना शिकवली. त्यांचे चिरंजीव इस्माईल खत्री यांना २००३ साली इंग्लंडमधील डी माँटफर्ट विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. आज अजरखपुरात दोन्ही प्रकारचे रंग वापरले जातात. कोणता वापरला ते ग्राहकाला सांगितले जावे, एवढीच अपेक्षा.

त्याहून दूरगामी बदल शिक्षणाने घडवला आहे. जुडी फ्रेटर यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये कच्छात कला रक्षा विद्यालय आणि २०१४ मध्ये सोमैया कला विद्या सुरू झाली. कारागिरांनी आपला धंदा सांभाळून वर्षभरात थोड्या थोड्या आठवड्यांच्या सत्रांनी रंगसंगती, मांडणी, कलेक्शनची कल्पना आणि बाजारपेठ शिकावी, अशी ही योजना. तिथून बाहेर पडलेला तरुण छापणारा मुंबईच्या चमूपुढे हुकुमाची वाट पाहत उभा राहत नाही. तो स्वतःच्या नमुन्यांची चळत पुढे करतो. आमच्या डिझाइनर बाईंनी बरोबर नेलेल्या नक्षींपैकी निम्म्या तिथेच बाजूला ठेवल्या आणि अशा एका तरुणाने रचलेल्या दोन नक्षी घेतल्या, त्याच्या नावासकट.

करारनाम्यात शेवटी असे ठरले: ठसे छापणाऱ्याच्या कारखान्यात राहतील, परंतु या चमूच्या नक्षी दोन वर्षे दुसऱ्या कोणास छापून देऊ नयेत, नमुन्यांचे पैसे मागणीच्या रकमेतून न कापता वेगळे द्यावेत, विसार निम्मा, आणि पोशाखाच्या लेबलवर कारखान्याचे नाव व रंगाचा प्रकार दोन्ही छापावेत. मुदतीचा रकाना छापणाऱ्यांनी स्वतः भरला. चार पोशाखांसाठी घेतलेल्या मश्रू या रेशीममिश्रित कापडावरचे काम तेवढे राहिले. त्याच्या ताण्यातील रेशमाला सोड्याचा खार सोसत नाही, म्हणून साज सौम्य करावा लागला आणि निळा मनासारखा उतरेना. आणखी दोन-तीन महिने प्रयोग करावे लागतील असे छापणाऱ्यांनी सांगितल्यावर ते चार पोशाख या दिवाळीच्या कलेक्शनमधून वगळून पुढील वर्षाच्या कामात घेण्याचे बाईंनी मान्य केले, आणि प्रयोगाचा खर्च आपल्या खात्यावर लिहून घेतला.