मलिदा : बेने इस्रायलांचा नैवेद्य

'देव जेवतो काय?' हा प्रश्न नैवेद्याचें ताट पाहून लहान मूल विचारतें, आणि मोठीं माणसें बहुधा हंसून तो टाळतात. वस्तुतः तो टाळण्याजोगा नाहीं. प्राचीन इस्रायली लोकही देवापुढें अन्न ठेवीत. त्यांच्या शास्त्रांतून या प्रश्नाचें जें उत्तर मिळतें, तें आपणही विचारांत घेण्यासारखें आहे. त्या लोकांची एक शाखा तर पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत मराठी बोलतच वाढली.

यहुदी धर्मग्रंथाच्या 'लेवीय' नामक भागांत अन्नार्पणाचा विधि सविस्तर दिला आहे. सपिठावर तेल ओतून वर धूप ठेवावयाचा. मीठ अवश्य, परंतु खमीर व मध वेदीवर वर्ज्य. त्यांतील मूठभर सपीठ व सर्व धूप अग्नींत अर्पण करावयाचा आणि उरलेलें याजकांनीं पवित्र स्थळीं खावयाचें. त्या मूठभर भागाचें नांव 'स्मरणभाग' असें आहे. नव्या पिकाचें अर्पण असल्यास कोंवळीं कणसें विस्तवावर भाजून, दाणे भरडून आणावेत, असेंही सांगितलें आहे. आमच्या वडवणीकडे थंडीच्या दिवसांत शेतावर हुरडा खाणाऱ्याला हें वाचून ते लोक फारसे परके वाटणार नाहींत.

त्या उपासनेंत पशुबळीही होते. परंतु उपकारस्तुतीसाठीं दिलेल्या बळीचें मांस त्याच दिवशीं संपविलें पाहिजे, सकाळपर्यंत उरूं देतां कामा नये, असा दंडक होता. एका कुटुंबाला तें संपणें कठीण. अर्थात् चार माणसें पंक्तीला बोलावणें ओघानेंच आलें. ज्याला प्रायश्चित्तासाठीं दोन पारवेही परवडत नसत, त्याचें थोडें सपीठसुद्धां पुरेसें मानलें जाई. देवाला मांसाची भूक नाहीं, हें तर स्तोत्रांत स्पष्टच सांगितलें आहे.

अर्पणाला हिब्रू भाषेंत 'कोरबान' म्हणतात. त्यांतील धातूचा अर्थ 'जवळ येणें' असा आहे. आपल्या परिचयाचा 'कुर्बानी' हा शब्द त्याचाच अरबी वाटेनें आलेला भाऊबंद होय. संस्कृतांतील 'उपासना' म्हणजेही जवळ बसणें. आणि 'नैवेद्य' म्हणजे निवेदन करावयाचें, देवाला कळवावयाचें. दोन्हीकडे भरविण्याची कल्पना गौण असून सान्निध्याची मुख्य आहे.

इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त केलें. वेदी गेली, अर्पणें थांबलीं, त्यांची जागा प्रार्थनेनें घेतली. इकडे कोंकणांत, नौगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपीं वांचलीं आणि धर्मग्रंथ समुद्रांत गेले, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. ते तेलाचा धंदा करूं लागले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

त्यांच्या घरीं नवस फेडतांना अथवा मंगल कार्याच्या वेळीं मलिदा होतो. भिजविलेले पोहे, खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलदोडे, भोंवतीं फळें. एलियाहू हनबी या प्रेषिताचें स्मरण करून, देवाचे आभार मानणारीं वचनें म्हणून तें ताट सर्वांना वांटतात. अलिबागजवळील खंडाळें येथील खडकावर त्या प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मलिदा म्हणजे मंदिरांतील अर्पणच, असें म्हणतां येणार नाहीं. त्याला वेदी नाहीं, याजक नाहीं. शब्द फारसी आणि पोहे कोंकणचे. तथापि धान्य, स्मरण आणि वांटणी हीं तिन्ही अंगें त्यांत शाबूत आहेत. १९४८ नंतर यांपैकीं पुष्कळजण इस्रायलांत गेले. तेथील मुख्य धर्मपीठानें १९६२ सालीं विवाहापूर्वीं त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्यांनीं निकराचा विरोध केला, तेव्हां १९६४ सालीं ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचें तेथील सरकारनें मान्य केलें. ग्रंथावांचून इतका काळ धर्म राखणाऱ्यांना ही परीक्षा द्यावी लागली. पण मलिद्याचें ताट तेथेंही मांडलें जातेंच.

तेव्हां मुलाच्या प्रश्नाला उत्तर देतां येतें : देवाचा वांटा मूठभर, तोही स्मरणापुरता; बाकीचें ताट माणसांचें. आपल्या घरचा प्रसाद कोणाकोणाच्या हातावर पडतो, कीं तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशींच थांबतो, हें ज्यानें त्यानें पाहावें.