नवे डायपर घरी कसे पारखावे?

काही दुखणी माणूस चारचौघांत सांगतो. गुडघा दुखतो, डोळ्यांना कमी दिसते, रात्री खोकला येतो. हे सारे पारावर बसून बोलता येते. पण लघवी धरवत नाही, हे कोणी बोलत नाही. मग म्हातारे माणूस काय करते? पाणी कमी पिते. एसटीत बसायला नको म्हणते. लग्नाला जात नाही. गावात सप्ताह बसला तरी कीर्तनाला जात नाही. दुखणे एवढेसे, पण माणूस घरात कोंडला जातो.

आम्ही बेलापूरचे. प्रवरेच्या काठचे हे गाव. बेलापूर नावाचे रेल्वे स्टेशन मात्र श्रीरामपुरात आहे. त्याच श्रीरामपुरात औषधांच्या दुकानांत आता मोठ्या माणसांची डायपर मिळतात. ती काही सगळी परदेशातून येत नाहीत. मुंबईची नोबेल हायजीन ही कंपनी अशी डायपर बनवते, आणि तिचा कारखाना आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. दुसऱ्याही कंपन्या आहेत. दुकानात पाकिटांची रांग असते. प्रत्येक पाकीट म्हणते, मीच चांगले. मग घ्यावे कोणते? बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. डायपरलाही अशी टिचकी मारता येते. ती कशी, ते सांगतो.

आधी डॉक्टर, मग डायपर

लघवी न धरवणे हे नुसते वयाने होत नाही. त्याला कारण असते. बायकांची बाळंतपणे झालेली असतात, त्याने खालचे स्नायू सैल पडतात. पुरुषांची प्रोस्टेट नावाची गाठ वाढते. साखरेचा आजार असतो. अर्धांगवायू झालेला असतो. कधी लघवीच्या जागी जंतू वाढतात. कधी पोट साफ होत नाही, त्याचा दाब पडतो. कधी दुसऱ्या आजाराच्या गोळीनेही लघवी जास्त होते. यातली काही कारणे औषधाने जातात. काही व्यायामाने कमी होतात. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच एरवी, लघवी करत नसताना, आवळायचे आणि सोडायचे. केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 साली हा व्यायाम मांडला. त्याला पैसा लागत नाही.

म्हणून आधी आरोग्य केंद्रात दाखवावे. लघवीत रक्त दिसले, जळजळ झाली, ताप आला, लघवी तुंबली किंवा त्रास एकाएकी सुरू झाला, तर एक दिवसही थांबू नये. डायपर ही सोय आहे. ते औषध नव्हे.

डायपरच्या आत काय असते?

एक डायपर कात्रीने कापून बघा. वर मऊ पातळ थर दिसेल. तो कातडीला लागतो. त्याच्या खाली कापसासारखा लगदा असतो. तो लाकडापासून करतात. त्या लगद्यात मिठासारखे बारीक दाणे असतात. सगळ्यात खाली पाणी न झिरपणारा प्लॅस्टिकचा थर असतो. मांडीजवळ दोन्ही कडांना उभ्या झालरी असतात. त्या बाजूने गळू देत नाहीत.

खरी करामत त्या दाण्यांची. त्यांवर पाणी पडले की ते फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. दाबले तरी सहजी सोडत नाहीत. आणि गंमत बघा, या शोधाचे मूळ शेतीत आहे! जमिनीत ओल टिकावी म्हणून अमेरिकेच्या सरकारी शेती खात्याचे शास्त्रज्ञ खटपट करत होते. पिओरिया गावच्या प्रयोगशाळेत त्यांनी मक्याच्या स्टार्चपासून पाणी धरणारा असा पदार्थ तयार केला. पुढे 1980 च्या दशकात या जातीचे दाणे डायपरमध्ये आले. दुष्काळात पाणी टिकवायला निघालेली विद्या म्हाताऱ्यांच्या उपयोगी पडली.

पहिली परीक्षा: परातीतली

आमच्या घरी ऐंशीच्या घरातल्या आत्या आहेत. त्यांच्यासाठी एका ओळखीच्या कंपनीचे डायपर येत असे. दुकानदाराने नवे एक पाकीट दाखवले. पातळ होते, दिसायला छान होते. आम्ही सर्वांत लहान पाकीट आणले, आणि दोन्ही डायपर दोन परातींत ठेवली.

परीक्षेला नुसते पाणी घेऊ नये. एक लिटर कोमट पाण्यात दीड लहान चमचा मीठ घालावे. का? लघवी खारट असते. साध्या पाण्यात ते दाणे आपल्या वजनाच्या कित्येक शे पट पाणी धरतात. खारट पाण्यात मात्र तीस ते पन्नास पटच. साध्या पाण्याने पारख केली तर आपली फसगत होते.

मग एक पेला पाणी हळूहळू मध्यभागी ओतावे. पाणी वर तळे करते की लगेच आत जाते, ते पाहावे. दहा मिनिटे थांबावे. वर कोरडा कागद ठेवून हाताने दाबावे. कागद ओला झाला का? नसेल तर दुसरा पेला, मग तिसरा.

आमच्या परातीत काय झाले? नव्या डायपरने पहिला पेला चटकन ओढला. जुने जरा सावकाश पीत होते. पण तिसऱ्या पेल्यानंतर नव्याच्या वरचा कागद ओला झाला, जुन्याचा कोरडा राहिला. म्हणजे नवे दिवसाला बरे, रात्रीला जुने बरे. ही गोष्ट पाकिटावर लिहिलेली नव्हती.

पाकिटावर कधी आकडा असतो: इतके मिलिलिटर मुरते. तो आकडा समजून घ्यावा. आयएसओ 11948 नावाची जगभर चालणारी रीत आहे. तिच्यात अख्खे डायपर पाण्यात बुडवून मोजतात. अंगावर ते बुडत नाही. माणूस बसतो, कुशीवर वळतो, एकाच जागी भार पडतो. म्हणून अंगावर त्याहून कमीच मुरते. भारतीय मानकाचा क्रमांक आयएस 17508 हा आहे. तो पाकिटावर आहे का, तेही वाचावे.

दुसरी परीक्षा: अंगावरची

ही परीक्षा माणसाला विचारून करावी. झोपेत किंवा जबरीने डायपर बांधू नये. आत्या पहिल्यांदा रागावल्या. "मला काय तान्हं लेकरू केलं का?" म्हणाल्या.

आम्ही त्यांना सांगितले, "आत्या, सुनीता विल्यम्स यांच्यासारखे अंतराळवीर यानाच्या बाहेर जाऊन सहा-सहा तास काम करतात. त्या पोशाखाच्या आत त्यांनीही असंच काहीतरी घातलेलं असतं. तिथं कुठं आडोसा असतोय?"

आत्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ती बाई आभाळात काम करती, आन् मी कीर्तनाला जाऊ नये का? आण इकडं."

डायपर दोन तऱ्हेचे असते. चालत्या-फिरत्या माणसाला चड्डीसारखे बरे. अंथरुणावरच्या माणसाला बाजूने चिकटपट्टीचे बरे. कुशीवर वळवून ते बदलता येते. माप कमरेचे आणि मांडीचे घ्यावे. 'मोठे घेतले म्हणजे जास्त मुरेल' अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. सैल डायपर मांडीजवळून गळते. घातल्यावर झालरींवरून बोट फिरवावे. त्या आत दुमडल्या असतील तर बाहेर उभ्या कराव्या.

पहिल्या दिवशी घरीच दोन-तीन तास घालावे. मग एक रात्र. मग बाहेर. चालताना कचकच आवाज येतो का, तेही ऐकावे. लुगड्याच्या आतून आवाज आला तर ते माणूस चारचौघांत जाणार नाही.

आता आपल्याला लिहिता येते. मग वहीत चार खाने पाडा: केव्हा घातले, केव्हा बदलले, गळले का, कातडी कशी आहे. तीन दिवस लिहा. चौथ्या दिवशी वहीच सांगेल, घ्यावे की न घ्यावे.

तिसरी परीक्षा: कातडीची

डायपर कितीही चांगले असो, ते दिवसभर ठेवू नये. ओले झाले की बदलावे. शौच झाली तर लगेच बदलावे. कोमट पाण्याने धुवावे. बायकांनी पुढून मागे पुसावे, म्हणजे जंतू पुढे जात नाहीत. घासू नये, टिपून कोरडे करावे. पावडर घालू नये; ओलीने तिचे गोळे होतात. व्हॅसलीनचा अगदी पातळ हात पुरे. जाड थर दिला तर डायपर पाणी ओढत नाही.

कातडी लाल झाली, फोड आले किंवा खाज सुटली, तर ते डायपर थांबवावे आणि दाखवावे. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी.

आणि पाणी तोडू नये. पाणी कमी प्याले की लघवी दाट होते, कातडीला झोंबते आणि जंतूंना वाव मिळतो. डायपर आणले ते पाणी पिता यावे म्हणून.

खर्चाचा मेळ

एक नग चाळीस रुपयांचा धरा. रोज तीन लागले तर महिन्याला 3,600 रुपये होतात. ऊसतोडीवर किंवा रोजगारावर जाणाऱ्या घराला हे झेपत नाही. म्हणून हात राखून वापरावे. दिवसा दर दोन-तीन तासांनी माणसाला मोरीवर न्यावे. घरी सुती धडुते आणि त्याखाली मेणकापड चालते. धडुते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावे. डायपर रात्रीला आणि बाहेर जायला ठेवावे. रात्री चादरी बदलायला उठणाऱ्या सुनेलाही झोप लागते. तिची झोप खर्चाच्या हिशेबात कोणी धरत नाही, पण ती धरली पाहिजे.

पूर्वी अशा डायपरवर 12 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. जुना साठा जुन्याच भावाने देतात का, ते बिल पाहून विचारावे.

वापरलेले कुठे टाकावे?

प्रवरेत टाकू नये. संडासात टाकू नये, नळ तुंबतो. जाळू नये, प्लॅस्टिकचा धूर छातीला वाईट. उकिरड्यावरही नको. कुत्री ओढतात, आणि त्यातले प्लॅस्टिक शेतात कित्येक पिढ्या राहते. शौच संडासात झटकावी. डायपर गुंडाळून चिकटपट्टी लावावी. वर्तमानपत्रात बांधावे आणि कागदावर लाल खूण करावी. असा कचरा नीट गुंडाळून द्यावा, असे सरकारने 2016 सालच्या नियमांतच सांगितले. घंटागाडी येत नसेल तर ग्रामसभेत विचारावे. एवढे विचारायला लाजू नये.

ध्यानात ठेवा

1. आधी डॉक्टरांना दाखवा.
2. नवे डायपर लहान पाकिटातूनच आणा.
3. खारट पाण्याने पारखा. साध्या पाण्याने नको.
4. माप बरोबर घ्या. सैल ते गळते.
5. तीन दिवस वहीत लिहा.
6. कातडी रोज पाहा. पाणी तोडू नका.
7. ज्याला घालायचे, त्याला आधी विचारा. त्याची हो असेल तरच परीक्षा सुरू करा.