मोटर घूं घूं करते, पण पंप फिरत नाही? जाम झालेला इम्पेलर कसा सोडवायचा?

पावसाळा संपला की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची वेळ येते. जूनपासून बंद असलेला पंप सुरू करायला स्टार्टरचं बटण दाबलं, तर मोटर नुसती घूं घूं करते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबणं महागात पडतं. जाम झालेला पंप दुरुस्त होऊ शकतो, पण जळालेली मोटर रिवाइंडिंगलाच न्यावी लागते. तोवर पिकाच्या पाण्याची पाळी चुकते.

इम्पेलर जाम का होतो?

इम्पेलर म्हणजे पंपाच्या आतला पंखा. मोनोब्लॉक पंपात तो मोटरच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. इम्पेलर आणि बाहेरचं केसिंग यांच्यातली फट जागोजागी मिलिमीटरपेक्षाही कमी असते. पंप बंद असताना आत उरलेल्या पाण्यामुळे बिडाचं लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे ही बारीक फट भरून जाते. नाल्याचा गाळ सुकून बसला तरी हेच होतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात आणखी एक कारण संभवतं. मुकुटबनचा हा भाग चुनखडकाचा आहे. भूशास्त्रात या खडकांना पैनगंगा समूह म्हणतात. चुनखडकातून येणारं पाणी जड असतं. ते सुकलं की भांड्यावर बसतो तसा पांढरा थर पंपातही बसतो.

बटण दाबत राहिलं तर मोटर का जळते?

५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर चालू असताना साधारण ७ ते ८ अँपिअर करंट घेते. शाफ्ट अडकलेला असेल, तर हाच करंट पाच ते सात पट होतो. वाइंडिंगमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट सहापट झाला, तर उष्णता ३६ पट. त्यात मोटर थंड ठेवणारा मागचा पंखाही थांबलेला असतो.

दोष पंपाचा की विजेचा?

एखादी फेज गेली असली तरी मोटर अशीच घूं घूं करते. म्हणून आधी खात्री करा. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि ऑटो स्विच असेल तर तोही बंद करा. नाहीतर गेलेली वीज अचानक येईल, पंप आपोआप सुरू होईल आणि तुमचा हात आत असेल. त्यानंतर मोटरच्या मागची जाळी काढून शाफ्ट हाताने फिरवून बघा. सहज फिरला, तर दोष विजेचा समजा आणि वायरमनला बोलवा. हललाच नाही, तर पंप जाम आहे.

न उघडता सोडवता येतो का?

बऱ्याचदा येतो. केसिंगच्या तळाचा प्लग काढून पाणी सोडा. ग्लँड दोरी असलेला पंप असेल, तर ग्लँडचे नट थोडे सैल करा, कारण कधी सुकलेल्या दोरीनेच शाफ्ट धरून ठेवलेला असतो. गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर थांबा. मग पान्याने शाफ्ट थोडा इकडे, थोडा तिकडे असा हलवत राहा. एकाच दिशेने जोर लावू नका. मागच्या पंख्याला धरून ताकद लावली, तर त्याची पाती तुटतात.

उघडावाच लागला तर?

१. केसिंग आणि मोटरवर खूण करून ठेवा आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल करा.

२. इम्पेलरचा नट काढण्यापूर्वी आटे कोणत्या दिशेचे आहेत ते बघा. काही पंपांत ते उलटे असतात.

३. इम्पेलर दोन किंवा तीन पायांच्या पुलरने ओढा. पुलरचे पाय मागच्या जाड भागाला अडकवा, कडेला नको.

४. हातोडा मारू नका. बीड ठिसूळ असतं, तडा गेला की इम्पेलर बदलावाच लागतो. शिवाय दणका शाफ्टमधून थेट बेअरिंगला बसतो.

५. गॅसने तापवू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन स्फोट होऊ शकतो.

काही जण दोन फेज अदलाबदल करून मोटर उलटी फिरवतात. यात करंट तितकाच वाढतो. इम्पेलर आट्यांवर बसवलेला असेल, तर तो सुटून केसिंगवर आदळतो.

बोअरमधल्या सबमर्सिबल पंपाला यातलं काहीच लागू होत नाही. तो बाहेर काढून मेकॅनिककडेच द्यावा लागतो.

पुन्हा जाम होऊ नये म्हणून काय करावं?

गंज आणि थर घासून काढा, शाफ्टची चावी नीट बसवा आणि वीज जोडण्याआधी शाफ्ट हाताने पूर्ण फिरतो का ते बघा. पंप कोरडा चालवू नका, आधी पाण्याने भरून घ्या. पावसाळ्याआधी केसिंगमधलं सगळं पाणी काढून टाका आणि पंप बंद असेल तेव्हा दर पंधरा दिवसांनी, वीज तोडून, शाफ्ट दोन-चार वेळा हाताने फिरवा. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.