सर्व्हर अपग्रेड केला आणि सॉफ्टवेअर बसेना? आधी गोदाम तपासा, मग इन्स्टॉल करा

गावातल्या दूध संस्था, पतसंस्था, वाचनालयं यातली काहीजण आता आपला हिशोब किंवा वेबसाइट भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतात. हा सर्व्हर म्हणजे लांब कुठल्या तरी शहरात चालू असलेला कॉम्प्युटर. त्यावर बहुतेक वेळा विंडोज नसतं, लिनक्स असतं. सांभाळणारा गावातलाच एखादा शिकलेला पोरगा असतो, आणि तोही कधी बांधावर बसून मोबाइलवरून काम करतो. ही माहिती मुख्यतः त्याच्यासाठी, आणि त्याला "झालं का रे?" म्हणून दर तासाला फोन करणाऱ्या चेअरमन-सचिवांसाठी.

उबुंटू हे लिनक्स जास्त वापरात आहे. त्याची २०.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२० ची. तिची नेहमीची पाच वर्षांची मुदत मे २०२५ मध्ये संपली. मुदत संपली की सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, म्हणून २२.०४ वर जावं लागतं. थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, एक पायरी मधे घ्यावीच लागते.

आता समजा, एका संस्थेचं दूधबिलाचं पान २०.०४ वर चालू होतं. पोरानं अपग्रेड केलं, सर्व्हर चालू झाला, आणि पान उघडलं तर हिशोबाऐवजी नुसता कोड दिसतोय. दहा दिवसांचं बिल उद्या काढायचंय. तो घाईत जुनंच पॅकेज पुन्हा मागतो, तर सर्व्हर म्हणतो, 'अनेबल टू लोकेट पॅकेज', म्हणजे असं पॅकेज सापडत नाही.

पॅकेज कुठे गेलं? उबुंटूत सॉफ्टवेअर एपीटी नावाच्या पॅकेज मॅनेजरमार्फत बसतं. आपल्या मोबाइलवरच्या प्ले स्टोअरसारखंच समजा. एपीटी ठरवून दिलेल्या गोदामातून माल आणतो आणि त्याला लागणारे जोडीचे सुटे भागही स्वतःच आणतो. ठिबक घ्यायला गेलं की नुसती लॅटरल आणून भागत नाही, ग्रोमेट, जॉइनर, एंड कॅप सगळं लागतं, आणि ते मापाचं लागतं. १६ एमएमच्या नळीला १२ एमएमचा जॉइनर बसत नाही. तसंच इथे आहे. प्रत्येक आवृत्तीचं गोदाम वेगळं. २०.०४ च्या गोदामात पीएचपी ७.४ होतं, २२.०४ च्या गोदामात ८.१ आहे. जुन्या नंबरानं मागितलं तर मिळणार कसं?

म्हणून पहिला नियम: नंबर न लावता नाव द्यायचं. 'एपीटी इन्स्टॉल' लिहून पुढे नुसतं पीएचपी, त्याचा मायएसक्यूएलचा जोड आणि अपाचीचा पीएचपी मॉड्यूल मागायचा. (आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात.) नव्या आवृत्तीशी जुळणारा माल एपीटी आपोआप निवडतो. मग अपाची पुन्हा चालू केला की नुसता कोड दिसणं थांबतं. तरी चूक दाखवली, तर कार्यक्रमातच जुनी लिखावट असेल. पीएचपी ८ मध्ये काही जुनी फंक्शन्स काढून टाकलीत, ती जागा कार्यक्रम लिहिणाऱ्यानंच दुरुस्त करायची.

इथे एक सोपी वाट दिसते. बाहेरचं गोदाम जोडून ७.४ परत बसवायचं. दोन दिवस निभावण्यापुरतं ठीक आहे, पण पीएचपी बनवणाऱ्यांनी ७.४ ला दुरुस्त्या देणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबवलंय. सभासदांच्या पैशाचा हिशोब त्यावर कायमचा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण बाहेरच्या गोदामांचीच. आधी एखादं जोडलेलं असेल तर अपग्रेड करताना उबुंटू ते बंद करून टाकतं. 'ईटीसी'मधल्या 'एपीटी' फोल्डरात 'सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी' आहे, त्यात बघा. ओळीपुढे हॅशची खूण लागलेली दिसेल. नुसती खूण काढून उपयोग नाही. त्या ओळीत जुन्या आवृत्तीचं 'फोकल' हे नाव असेल तर तिथे 'जॅमी' लिहावं लागतं, आणि ते गोदाम जॅमीसाठी माल देतं का हे आधी त्यांच्या पानावर बघावं लागतं. मग 'एपीटी अपडेट'. या आज्ञेनं सॉफ्टवेअर बसत नाही, फक्त मालाची यादी ताजी होते. बसवायला 'एपीटी अपग्रेड' किंवा 'एपीटी इन्स्टॉल' लागतं. या दोन्हीत पुष्कळ जण गोंधळतात.

यादी घेताना 'नो पबकी' अशी तक्रार आली तर त्या गोदामाची सही ओळखणारी किल्ली सर्व्हरवर नाही. बियाण्याच्या पिशवीचं सील बघूनच आपण घेतो ना, तशीच ही सही. किल्ली त्याच गोदामाच्या अधिकृत पानावरून घ्यावी. तपासणीच बंद करा असा सल्ला कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर दिला तर ऐकू नका.

आणि 'वाय' दाबण्याआधी पडद्यावरचं वाचा. कुठली पॅकेजेस काढली जाणार याची यादी तिथेच येते. त्यात डेटाबेसचं नाव दिसलं तर थांबा.

मोबाइलवरून करणाऱ्यांना खास सांगणं. सर्व्हर तिकडे चालूच असतो, रेंज मात्र आपली जाते. स्क्रीन किंवा टीमक्स हे प्रोग्राम चालू करून त्यात काम केलं तर रेंज गेली तरी आज्ञा चालू राहते, परत येऊन तिथेच जोडता येतं. मधेच तुटून काम अर्धवट राहिलंच, तर आधी 'डीपीकेजी', पुढे दोन डॅश लावून 'कॉन्फिगर', मग एक डॅश लावून 'ए'. त्यानं अर्धी बसलेली पॅकेजेस पूर्ण होतात. तरी सुट्या भागांची तक्रार राहिली तर 'एपीटी', दोन डॅश, 'फिक्स ब्रोकन' आणि 'इन्स्टॉल'.

डेटाबेसची प्रत अपग्रेडच्या आधीच काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवायची, त्याच सर्व्हरवर नाही. आणि सचिवांनी एवढं करावं, बिल वाटून झाल्यावरचा दिवस पोराला द्यावा, बिलाच्या आदल्या रात्री नको. २२.०४ ची मुदतही २०२७ मध्ये संपतेय, तेव्हा हेच काम पुन्हा निघेल.