विहिरीवरची मोटर

खारघर आज उंच इमारतींचे नगर आहे. परंतु सिडकोने ही वसाहत उभारण्यापूर्वी येथे डोंगराच्या पायथ्याशी भातशेती होत असे. त्या काळच्या काही वस्तू जुन्या घरांतून अजूनही आढळतात. गेल्या पावसाळ्यानंतर अशीच एक वस्तू आमच्याकडे आली. ती होती शेजारच्या शेतकरी कुटुंबाच्या विहिरीवरची तीन अश्वशक्तीची मोटर. अनेक वर्षे ती पत्र्याच्या खोपटात पडून होती. बिडाच्या अंगावर गंजाचे पापुद्रे आले होते आणि दांडा हाताने फिरवू जाता जागचा हलत नव्हता. 'भंगारात घाला,' असा सल्ला बहुतेकांनी दिला. परंतु त्या घरातील आजी म्हणाल्या, "हिच्या पाण्यावर आमची मुलं वाढली. एकदा उघडून तरी पाहा."

मुलांनो, मोटर म्हणजे विजेचे गतीत रूपांतर करणारे यंत्र. आपल्या रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, आणि वाफेच्या यंत्रांची जागा मोटरी घेऊ लागल्या. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली, तीही मोटरींच्याच बळावर. ज्या हार्बर मार्गावर ती धावली, तोच आज वाढत वाढत खारघरवरून पनवेलपर्यंत आला आहे.

ओळखीच्या एका कारागिराच्या दुकानात आम्ही मोटर नेली. माझा सातवीतला नातू बरोबर होता. पाना हाती घेण्यापूर्वी कारागिराने एक लहानसे काम केले. एका बाजूच्या झाकणावर व त्याला लागून असलेल्या अंगावर त्याने पंचाने एकेक ठिपका उमटवला, दुसऱ्या बाजूस दोन दोन ठिपके. मग तारांच्या पेटीतील जोडणीचे चित्र वहीत काढून घेतले. उघडणे कोणालाही जमते. पण झाकण पुन्हा पूर्वीच्याच जागी बसले नाही, तर दांडा किंचित तिरका राहतो. आतील फिरता भाग आणि त्याभोवतीचा स्थिर भाग यांच्यामध्ये जेमतेम जाड कागदाएवढीच फट असते. तेथे तिरकेपणा कसा खपावा?

गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून आम्ही एक रात्र वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळा मध्ये धरून हातोडीचे हलके ठोके देताच झाकणे सुटली. नुसत्या लोखंडी हातोडीने बीड तडकते. फिरता भाग दोघांनी सरळ रेषेत अलगद बाहेर काढला. त्याला बाहेरून एकही तार जोडलेली नव्हती, याचे नातवाला मोठे नवल वाटले. स्थिर भागातील वेटोळ्यांतून वीज वाहू लागली, की तेथे फिरते चुंबकक्षेत्र निर्माण होते आणि त्याच्या ओढीने हा भाग फिरतो. अशा मोटरीची एकस्वे निकोला टेस्ला यांना १८८८ साली मिळाली.

दोन्ही बेअरिंगे गंजून घट्ट बसली होती. दांडा अडला होता तो त्यांच्यामुळेच. पुलर लावून ती काढली. त्यांवर ६२०६ असा आकडा होता. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले, की भोकाचा व्यास मिळतो. येथे तो तीस मिलीमीटर. नवी बेअरिंगे त्याच आकड्याची आणली.

खरी कसोटी सफाईत होती. बिडाचे अंग तारेच्या ब्रशने घासता घासता नातवाचे लक्ष वेटोळ्यांवरच्या तपकिरी थराकडे गेले. "आजोबा, हा मळ निघतच नाही," असे म्हणून त्याने पॉलिशपेपर उचलला. मी ओरडलोच, "अरे, थांब!" तो मळ नव्हता, ते वॉर्निश होते. त्याखाली तांब्याच्या तारेवर इनॅमलचा अतिशय पातळ लेप असतो. तो लेप खरवडला गेला, तर शेजारच्या तारा एकमेकींना भिडतात आणि मोटर जळते. वेटोळ्यांवरची धूळ म्हणूनच केवळ कोरड्या मऊ कुंचल्याने झाडली.

मग कारागिराने मेगर लावला. वेटोळ्यांतून लोखंडी अंगात वीज झिरपते का, हे त्यावरून समजते. निदान एक मेगओहम रोध हवा होता. काटा त्याच्या बराच खाली राहिला. आमचे चेहरे उतरले. परंतु तो म्हणाला, "ही जळलेली नाही, ओल धरलीय." कोकणातल्या पावसाचा हा प्रसाद! वेटोळ्यांजवळ शंभर वॅटचा दिवा तीन दिवस तेवत ठेवला. चौथ्या दिवशी काटा वीस मेगओहमांवर गेला, आणि नातवाने टाळ्या पिटल्या.

ठिपक्याशी ठिपका जुळवून मोटर पुन्हा जोडली. ग्रीस बेताचेच भरले. ते अधिक झाले, तर बेअरिंग तापते. वीज जोडण्याचे काम मात्र कारागिराने एकट्याने केले व आम्हांस दूर उभे केले. तुम्हीही मोटरीच्या तारांना कधी हात लावू नका.

बटन दाबले. मोटर गुरगुरली आणि फिरू लागली, पण उलटी! आजींचा जीव खालीवर झाला. कारागीर हसला. वीज बंद करून त्याने तीन तारांपैकी दोहोंची अदलाबदल केली. या खेपेस ती सुलट फिरली. आजी बराच वेळ तिचा आवाज ऐकत उभ्या होत्या.