आयडलर हाताने फिरवून पाहा

जयपूरच्या सोडाल्यात अजमेर रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. तिथल्या एका गॅरेजात डिझेल गाडीचं बॉनेट उघडं होतं, इंजिनाच्या पुढच्या अंगाला घरघर चालली होती. बेल्ट गेला, असं मालकाने ठरवूनच टाकलं होतं. मिस्त्रीने चालत्या बेल्टच्या रेघांवर पाण्याचा फवारा मारला. आवाज तसाच. दोष बेल्टच्या घसरण्यात असता तर पाणी पडताच सूर बदलला असता. मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका पुलीच्या बोल्टवर टेकवलं आणि मुठीला कान लावला. ‘‘बेल्ट नहीं, बेयरिंग बोल रही है.’’

बेअरिंग आयडलर पुलीचं होतं. क्रँकच्या पुलीवरचा एकच बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप चालवतो. आयडलर कोणतंच यंत्र चालवत नाही. ती बेल्टला वाट दाखवते आणि लहान पुलीभोवतीचा त्याचा वेढा वाढवते. हा वेढा फार मोलाचा. घर्षणांक ०.३ धरला, तर १८० अंशांच्या वेढ्यात सपाट पट्ट्याच्या ताठ बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे २.६ पट होईपर्यंत पट्टा घसरत नाही. वेढा २१० अंशांचा झाला की तिप्पट! पट्टा जास्त आवळावा लागत नाही, शाफ्टच्या बेअरिंगवरचा भारही वाढत नाही. त्यासाठी आयडलर सैल बाजूला, लहान पुलीजवळ, बाहेरून टेकवतात. आतून लावली तर तिथला वेढा उलट कमी होतो.

आकाराने लहान म्हणून ती फिरतेही जोरात. क्रँकची पुली १५० मिलिमीटरची आणि आयडलर ७५ची असेल, तर इंजिनाच्या ३००० फेऱ्यांना हिच्या ६०००. त्यात जयपूरचा उन्हाळा आणि धूळ. ग्रीस टिकणार किती?

बेल्ट उतरवून मिस्त्रीने जुनी आयडलर बोटाने फिरवली. खरखरत ती बराच वेळ फिरत राहिली. मालकाला ती ‘एकदम फ्री’ वाटली, पण इतकं मोकळं फिरणं म्हणजे आतलं ग्रीस संपलं. नवी जेमतेम फिरून मुकाट थांबली.

बेल्ट बदलताना जुनी आयडलर तशीच ठेवणं मला अजिबात पटत नाही. बेअरिंग जाम झालं की नवा बेल्ट अडकलेल्या पुलीवर घासून जळतो. तो तुटला की पाण्याचा पंप थांबतो आणि इंजिन तापतं. या मिस्त्रीने दोन्ही बदलले, बेल्टची प्रत्येक रेघ आपापल्या खाचेत बसल्याचं बोट फिरवून तपासलं आणि मगच चावी मागितली.