दाराशीं होणारी पारख

नोकरीसाठीं दोन तरुण एकाच प्रकारच्या दाराशीं जातात. शिक्षण सारखें, वागणें-बोलणें सारखें, अनुभवही सारखा. एकास बोलावणें येतें, दुसऱ्यास येत नाहीं. मालकास विचारावें तर तो शपथेवर सांगेल कीं, आम्ही केवळ लायकी पाहतों. मग पक्षपात झाला हें सिद्ध कसें करावयाचें? या प्रश्नाचा छडा लावण्यांत अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनीं आपलें अल्प आयुष्य वेंचलें.

पेजरबाईंचा जन्म १९७२ मध्यें होनोलुलू येथें झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठांत डॉक्टरेटचा अभ्यास करीत असतां २००१ सालीं त्यांनीं मिलवॉकी शहरांत एक प्रयोग केला. एक जोडी गोऱ्यांची व एक काळ्यांची, असे चार तरुण त्यांनीं निवडले. प्रत्येक जोडींतील एकानें आपण तुरुंगवास भोगला असल्याचें अर्जांत सांगावयाचें, आणि ही भूमिका आळीपाळीनें घ्यावयाची, असें ठरलें. दोन्ही जोड्या मिळून ३५० मालकांकडे गेल्या. निष्कलंक गोऱ्यास शेंकडा ३४ ठिकाणांहून बोलावणें आलें. तुरुंगांतून आलेल्या गोऱ्यास १७. निष्कलंक काळ्यास १४. आणि तुरुंगांतून आलेल्या काळ्यास अवघ्या ५ ठिकाणांहून. म्हणजे ज्यानें कोणताच अपराध केला नाहीं अशा काळ्या तरुणाची पत अपराधी म्हणविणाऱ्या गोऱ्याहूनही कमी ठरली!

याहून बोधप्रद भाग पुढेंच आहे. त्याच मालकांस मागाहून दूरध्वनीवरून विचारलें असतां, शिक्षा भोगलेल्यास काम देऊं म्हणणारे व न देऊं म्हणणारे यांच्या प्रत्यक्ष वर्तनांत फरक आढळला नाहीं. २००४ मध्यें न्यूयॉर्क येथें केलेल्या दुसऱ्या प्रयोगांत उघड अपमान क्वचितच दिसला. सर्व कांहीं गोड बोलून चाललें होतें. तरी काळ्या उमेदवारास गोऱ्याच्या निम्म्यानेंच संधि मिळाली, आणि कित्येकदां मागितल्याहून हलक्या कामाकडे वळविण्यांत आलें. पुढें प्रिन्स्टन व हार्वर्ड येथें अध्यापन करून बाई २०१८ मध्यें, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षीं निवर्तल्या.

हा दोष केवळ परमुलखाचा नव्हे. महाराष्ट्रांतीलच अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनीं भारतांतील खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींस ४,८०८ अर्ज धाडले. पात्रता तीच, नांवें तेवढीं भिन्न. २००७ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, अनुकूल उत्तर येण्याचा संभव उच्चवर्णीय नांवाच्या मानानें दलित नांवास सुमारें दोन-तृतीयांश, व मुसलमान नांवास एक-तृतीयांशच होता. परीक्षा आडनांवाचीच झाली!

“आम्ही जातपात पाहत नाहीं” हें वाक्य आपल्या घरोघर ऐकूं येतें, आणि बोलणाराच्या मनांत बहुधा कपट नसतें. परंतु मनाची ग्वाही हा पुरावा नव्हे, हेंच पेजरबाईंच्या कार्याचें सार आहे. कचेरींतील मोठ्या अधिकाराची गोष्ट सोडून द्या. स्वयंपाकास बाई ठेवतांना तिच्या हाताच्या चवीआधीं आपण तिचें आडनांव विचारतों कीं नाहीं, एवढें प्रत्येक कुटुंबानें आठवून पाहावें. गृहिणीही मालकीणच असते, आणि तिच्या दाराशींही पारख होतच असते.